गच्चीवर बाग, पांढरा रंग की सोलर? सोसायटीने पैसा कशात घालावा?

रानजाई : पुण्यातली आमची पाच मजली, तीस वर्षं जुनी सोसायटी. येत्या सभेत गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचा ठराव आहे. खर्च होणारच आहे, तर वर मातीचा थर देऊन हिरवं छप्पर करावं, असं माझं ठाम मत आहे. वरच्या मजल्यावर मे महिन्यात रात्री अकरालाही स्लॅबची झळ लागते. माती नि पानं असली की ऊन स्लॅबपर्यंत पोचत नाही. शिवाय पानांतून एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. वॉटरप्रूफिंगला ऊन लागलं नाही तर तेही जास्त टिकतं. टोरांटोने २००९ साली मोठ्या नव्या इमारतींना हे सक्तीचं केलं, आपण निदान ठराव तरी करू.

पायाभरणी : नव्या इमारतींना, हे महत्त्वाचं. आपल्याकडे लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. दहा सेंटीमीटर साधी माती पावसात भिजली की एकटीच त्याच्या वर जाते. तीस वर्षांत सळया गंजल्या असतील तर? स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झाल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नका.

रानजाई : ऑडिट हवंच. पण शेतातली माती नाही, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (फुलवलेल्या खडकाचे हलके दाणे), कंपोस्टचं हलकं मिश्रण घालायचं. आणि जुना ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे नि सिमेंटचा जाड थर) फोडून तिथे मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, टाकलं, तर चौरस मीटरमागे दोनशे किलोच्या आसपास ओझं आधी उतरतंच. कोब्यावर कोबा चढवत राहतो, तेव्हा वजनाची आठवण कुणालाच होत नाही!

तगर : पावसाचं पाणी अडतं, रस्ते तुंबत नाहीत, हेही सांगतात. वळवाच्या सरीपुरतं खरं आहे. दहा सेंटीमीटर थरात ३०-४० मिलिमीटर पाऊस मावेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तिथे हे काय करणार? पूर थांबेल असं सांगून मतं मागू नका.

सेक्रेटरी : मला हिशेब द्यायचा असतो. मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतात, बागेला पाणी कुठून आणू? कमी पाण्यावर जगणारी कोरफड, पानफुटी लावा म्हणाल, पण जे झाड पाणी कमी उडवतं ते गारवाही कमी देतं. ऊन परतवणारा पांढरा रंग स्वस्त आहे, तेलंगणाने २०२३ साली कूल रूफचं, म्हणजे अशा गार छपरांचं, धोरणच केलं. सोलर घेतलं तर पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, लिफ्ट-पंपाचं बिल उतरतं आणि तो फायदा सगळ्यांना मिळतो. बागेचा गारवा फक्त वरच्या मजल्याला. मग वर्गणी तळमजल्याने का द्यायची?

रानजाई : रंगावर धूळ बसली की परिणाम उतरतो, दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारा. सोलरला माझा विरोध नाही. पॅनल २५ अंशांच्या वर तापला की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते, म्हणून पॅनलच्या रांगांमध्ये हिरवळ असलेली बरी. कोरफडीखालची मातीसुद्धा स्लॅबवर सावली धरतेच. आणि वर्गणीचं म्हणाल तर लिफ्ट तळमजला वापरत नाही, तरी तिचा खर्च आपण सगळे वाटून घेतोच ना?

सेक्रेटरी : लिफ्टचा खर्च ठरलेला आहे. तुमच्या बागेच्या माळ्याचा पगार नि पाणी दरवर्षी किती, ते आकडे सभेआधी लेखी द्या. तोवर माझं मत सोलरला.