स्टोमा बॅग असताना एसटीने कोल्हापूरला लग्नाला जाणं जमेल का?

कात्रजची_मावशी
नमस्कार मंडळी. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, डावीकडे कायमची कोलोस्टोमी आहे, म्हणजे पोटावर केलेल्या तोंडातून (स्टोमा) मल तिथे चिकटवलेल्या बॅगेत येतो. घरी बॅग माझी मी बदलते, काही अडत नाही. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न कोल्हापूरला, स्वारगेटवरून सगळे एसटीने जाणार आणि एक रात्र कार्यालयातच मुक्काम. हे म्हणतात आपण दोघं वेगळी गाडी करू, पण मला सगळ्यांबरोबर गप्पा मारत जायचंय हो. वाटेत बॅग भरली नाहीतर सुटली तर काय करायचं? काठापदराची साडी नेसता येईल का? आदल्या दिवसापासून जेवणच बंद ठेवावं असं डोक्यात आहे.

सिंहगड_रोडवाला
मावशी, एसटीनेच जा. माझी इलिओस्टोमी आहे, म्हणजे स्टोमा लहान आतड्याचा, मल पातळ आणि सतत येतो, तुमच्यापेक्षा जास्त वेळा रिकामी करावी लागते, तरी मी कामासाठी फिरतो. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरायची वाट बघायची नाही, वजनानेच फ्लँज (कातडीला चिकटणारी चकती) सुटायला लागते. सातारा, कराडला गाडी थांबली की गरज असो नसो जाऊन यायचं. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा की ऑपरेशन झालंय, ५ मिनिटं जास्त लागतील, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. स्टँडवर बहुतेक भारतीय संडास, बसायचं नाही, उभं राहून वाकायचं, आधी भांड्यात टिश्यू टाका म्हणजे उडत नाही, आणि बॅगेचं तोंड बाहेरून दुमडून मग सोडा म्हणजे कड स्वच्छ राहते.

वॉर्डातली_सिस्टर
जेवण बंद अजिबात करू नका. पोट रिकामं राहिलं की उलट गॅस जास्त होतो आणि बॅग फुगते. थोडं थोडं खा, फक्त प्रवासाच्या दिवशी मटकीची उसळ, कोबी, कच्चा कांदा, सोडा टाळा.
बॅग निघायच्या सकाळी बदलू नका, आदल्या दिवशी सकाळी चहाच्या आधी बदला, तेव्हा स्टोमा शांत असतो. लावल्यावर फ्लँजवर तळहात दाबून काही मिनिटं ठेवा, हाताच्या उबेने चिकट नीट बसतं. आणि काही गळणार असेल तर ते घरीच कळेल.

बिबवेवाडीची_लेक
आमच्या आईचीही कोलोस्टोमी, ती कायम साडीतच असते. परकराची नाडी बरोब्बर स्टोमावर येते हा खरा त्रास, बॅग दाबली गेली की मल खाली उतरत नाही, वरच साठतो आणि फ्लँजखाली शिरतो. आम्ही नाडी काढून रुंद मऊ इलास्टिक घातलं आणि परकर स्टोमाच्या वरच्या बाजूला येईल असा बांधतो, बॅग आत मोकळी लोंबते. निऱ्यांत काहीही दिसत नाही, काठापदर तर जाड, त्यात अजिबातच नाही.
पिशवी मात्र खांद्यालाच ठेवा, टपावर किंवा डिकीत नको. त्यात घरूनच मापाने कापलेल्या फ्लँज (भोक स्टोमापेक्षा २-३ मिमी मोठं), लागतील त्याच्या दुप्पट बॅगा, स्टोमाची पेस्ट, टिश्यू, पाण्याची बाटली, काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणि एक जादा परकर. उन्हात सामान ठेवू नका, फ्लँजचा चिकट भाग मऊ पडतो.

कात्रजची_मावशी
डोळ्यात पाणी आलं वाचून. परकराचं तर कुणीच सांगितलं नव्हतं! एक विचारते, कार्यालयात बदलायची वेळ आलीच तर? वास येईल का आजूबाजूला?

वॉर्डातली_सिस्टर
बॅग नीट बसलेली आणि तोंड बंद असेल तर वास येत नाही, येतोय म्हणजे कुठेतरी गळतंय, तेव्हा लगेच बघा. वधूपक्षाच्या खोलीला जोडून बाथरूम असतं, बहिणीला आधीच सांगून १५-२० मिनिटं मागून घ्या. काढलेली बॅग रिकामी करून काळ्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाका, संडासात नाही. आणि हे लक्षात ठेवा, स्टोमा लालसर ओला असतो, तो काळा-जांभळा दिसला किंवा बॅगेत काहीच येईना, पोट दुखून उलट्या होतायत, तर लग्न बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

सिंहगड_रोडवाला
आणि खिडकीऐवजी कडेची सीट घ्या मावशी, उठायला सोपं.