तुमच्या गावच्या वेशी, बोळ अन् खिडक्या : अनुभव लिहा

मागच्या महिन्यात पुण्याचा मित्र घेऊन कारंजा-लाडला गेलो. ऑटोवाल्याला म्हटलं, "पोहा वेशीत सोड." मित्र विचारतो, तिथे पोहे चांगले मिळतात का? अरे बाप्पा, पोहा हे गाव आहे! कारंज्याच्या वेशींची नावंच तशी : पोहा, दारव्हा, मंगरूळ अन् दिल्ली. तीन बंडीने (बैलगाडीने) गाठता येतील अशा, चौथी एकदम तख्ताची. तुमच्याकडचं सांगा.

कारंज्याची माहेरवाशीण
माझं माहेर दारव्हा वेशीकडचं. बोळ इतका अरुंद, की कापसाची बंडी वळणावर हमखास घासायची. दोन्ही भिंतींना कापूस चिकटून राही. आम्ही पोरी तो वेचायचो, आजी त्याच्या वाती वळायची. वर्षभर देवापुढे फुकटचा कापूस!

परतवाडा
आमची दोन गावं, नगरपालिका एकच. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची (१४९० ते १५७४) राजधानी. परतवाडा इंग्रजांच्या काळातली छावणी. फरक सायकलवर कळतो. परतवाड्यात हात सोडून चालवायची, अचलपुरात उतरून ढकलायची. परवा मोबाइलच्या नकाशाने मला थेट एका काकूंच्या आंगणात नेलं. त्यांनी रस्ता नंतर सांगितला, आधी चहा पाजला.

चंद्रपूर तालुका
आम्ही खेड्यातले, बाजाराला चंद्रपूर. परकोटाला (शहराच्या तटाला) दरवाजे चार : जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर. शिवाय खिडक्या. लहानपणी मी भिंतीत गजांची खिडकी शोधत फिरायचो. खिडकी म्हणजे छोटा दरवाजा, हे कोणी सांगितलंच नाही. चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी ही नावं ऐकून मजा वाटायची. मसण खिडकीचीही वाटायची. मग मामा वारले, अन् त्यांना तिथून नेलं.

दर्यापूरकडचा
आमच्या गावाला वेस होती म्हणतात. मी पाहिली ती फक्त दोन दगडांची, नवरदेव अजून तिथेच थांबतो. आमचं घर आखरावर. सकाळी गावची ढोरं तिथे जमायची, मग गायकी (गुराखी) रानात न्यायचा. आता तिथे ले-आउट पडलं. कागदावर आम्ही 'प्लॉट नंबर ९'. पण परवा मुलीला पाहायला पाहुणे आले, पारावर प्लॉट नंबर विचारत बसले, कोणालाच सांगता येईना. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "आखरावरचे काय जी? मंग तसं सांगा ना!"