उत्तर: संवाद ऐकूच येत नाहीत

सिनेमा-वेबसिरीजमधले संवाद ऐकू येत नाहीत कारण ‘हल्लीचे नट पुटपुटतात’, ही तक्रार अर्धीच खरी. ‘ओपनहायमर’ या सिनेमात दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन मुद्दाम सेटवरचाच आवाज ठेवतो, नंतर डबिंग करणं टाळतो, तिथे तक्रार रास्त आहे. पण घरी वेबसिरीज बघताना बऱ्याचदा घोळ टीव्हीच्या सेटिंगचा असतो. ५.१ ट्रॅकमध्ये (पाच स्पीकर आणि एक बासचा स्पीकर धरून केलेला आवाज) संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. टीव्हीला बहुतेक वेळा दोनच स्पीकर, तेही बहुधा खाली तोंड केलेले. मग संवाद, पार्श्वसंगीत आणि बाजूचे आवाज सगळं त्या दोघांत कोंबलं जातं.

आधी अ‍ॅपमध्ये ऑडिओची भाषा निवडतो तिथे ५.१ ऐवजी साधा स्टीरिओ (दोन स्पीकरसाठीचा) ट्रॅक दिसतो का बघा. टीव्हीवर ‘सराउंड’ किंवा ‘व्हर्च्युअल’ काहीही चालू असेल तर बंद करा, त्यानेही संवाद बिघडतात. मग ‘नाइट मोड’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ (कंपनीगणिक नाव वेगळं) लावा. नाइट मोडने स्फोट दबतात, कुजबुज वर येते. साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घेणारच असाल तर २.१ नको, ३.१ घ्या, त्यात मधला स्पीकर वेगळा असतो. नुसता बास वाढवून काडीचाही फायदा होत नाही, उलट शब्द आणखी गढूळ होतात.