शब्दचर्चा: 'फॅटी अल्कोहोल' आणि 'इमोलिएंट'

पाटीपेन्सिल: एका क्रीमच्या माहितीपत्रकाचा अनुवाद तपासतेय. घटकांत सीटाइल आणि स्टिअरिल अल्कोहोल ही 'फॅटी अल्कोहोलं' आहेत. आधीच्या अनुवादकाने 'चरबीयुक्त मद्यार्क' लिहून ठेवलंय! वाचूनच गिऱ्हाईक पळेल. दुसरं काही सुचवा. 'इमोलिएंट'साठीही, म्हणजे त्वचा मऊ करणाऱ्या घटकासाठी.

रसायनकट्टा: मद्यार्क म्हणजे इथेनॉल. दोन कार्बनचं, हातावर घेतलं की उडून जाणारं, जास्त असेल तर त्वचा कोरडी करणारं. सीटाइलमध्ये १६ कार्बनची साखळी, स्टिअरिलमध्ये १८ ची. टोकाला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), तेवढंच काय ते नातं. सीटाइल म्हणजे पांढरे, मेणचट पापुद्रे. साधारण ४९ अंश सेल्सिअसला वितळतात. 'फॅटी ॲसिड'साठी 'मेदाम्ल' रुळलेला आहेच, त्याच चालीवर 'मेद-अल्कोहोल' करा.

उंबरठा: हो, 'चरबी' नकोच. हल्ली हे बहुतेक पाम किंवा खोबरेल तेलापासून करतात.

रसायनकट्टा: नावात मात्र ती आहेच. १८१७ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने सीटाइल मिळवलं ते देवमाशाच्या डोक्यातल्या मेणापासून. लॅटिनमध्ये सीटस म्हणजे देवमासा. आणि ग्रीकमध्ये स्टिअर म्हणजे चरबी. माहितीपत्रकात हे नाही सांगितलं तरी चालेल :)

उंबरठा: इमोलिएंटला 'स्निग्धकारक' कसा वाटतो? आयुर्वेदातलं स्नेहन हाताशी आहेच.

पाटीपेन्सिल: स्निग्ध म्हटलं की तेलाने चपचपलेलं डोकं डोळ्यांपुढे येतं हो. या क्रीमची तर 'चिकट नाही' अशीच जाहिरात आहे.

रसायनकट्टा: मग 'मार्दवकारक'. मूळ लॅटिन शब्दातही 'मऊ करणं' हाच अर्थ आहे. फक्त 'आर्द्रताकारक' करू नका, ते काम वेगळं. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. मार्दवकारक त्वचेच्या वरच्या थरातल्या सुटलेल्या पापुद्र्यांमधल्या फटी भरतं, म्हणून हात फिरवल्यावर खरखर लागत नाही. मेद-अल्कोहोलं शिवाय क्रीमला दाटपणा देतात, तेल-पाणी फुटू देत नाहीत.

पाटीपेन्सिल: 'मेद-अल्कोहोल' आणि 'मार्दवकारक' घेते. पण डबीवर 'अल्कोहोल-फ्री' पण लिहिलंय, त्याचं काय?

रसायनकट्टा: ते चुकीचं नाही. सौंदर्यप्रसाधनांवर 'अल्कोहोल-फ्री' म्हणजे इथेनॉल नाही, असा अर्थ घेतात. अमेरिकेतही सीटाइल, स्टिअरिल असलेल्या मालावर तसं लिहिता येतं. पण मराठीत 'अल्कोहोलविरहित' लिहून खाली सीटाइल अल्कोहोल दिलंत, तर तक्रारी येतील. तिथे 'मद्यार्कविरहित' लिहा. आधीच्या अनुवादकाचा शब्द वाया नाही जायचा!