प्ले थेरपी: खेळायला पैसे कशाला द्यायचे?

सायली_नाशिक

शाळेत समुपदेशक आहे, प्ले थेरपीचं, म्हणजे खेळातून मुलांच्या मनावर उपचार करण्याचं, प्रशिक्षण घेतलंय. पालकसभेत हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, खेळायलाच पाठवायचं तर बागेत पाठवतो की, त्याला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हा धागा.

लहान मुलाला "तुला काय होतंय?" विचारलं तर उत्तर येत नाही. आलंच तर "पोट दुखतंय". पहिलीतला एक मुलगा (तपशील बदलले आहेत) आजोबा गेल्यावर शाळेत बोलेनासा झाला. खेळाच्या खोलीत तो दर वेळी बाहुल्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालायचा आणि गाडी वाटेतच उलटवायचा. "असं नको, आपण त्यांना बरं करू" असं मी कधी म्हटलं नाही. "गाडी पोचलीच नाही," एवढंच म्हणायचे. बऱ्याच आठवड्यांनी गाडी दवाखान्यात पोचली. बाहुला तिथे मेला, मुलाने त्याच्यावर रुमाल घातला आणि मला विचारलं, "आजोबांना दुखलं असेल का?"

बागेत हे होत नाही. तिथे मूल मोकळं होतं, दमतं, भांडतं आणि ते हवंच. पण त्याच्या खेळाकडे टक लावून बसलेलं आणि तरीही काही न शिकवणारं मोठं माणूस तिथे नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली या कामाची आठ तत्त्वं मांडली. त्यांचा गाभा असा: वाट मुलाने दाखवायची, मोठ्याने मागून चालायचं, घाई करायची नाही. मर्यादा असतात, पण लागतील तेवढ्याच. मूल मारायला धावलं तर मी म्हणते, "तू खूप चिडलायस. मला मारायचं नाही, त्या उशीला मारू शकतोस." चिडण्यावर बंदी नाही.

वाटसरू

ताई, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण माझा विरोध आहे. माझी मुलगी उशिरा बोलायला लागली, हाक मारली तरी वळायची नाही. एका केंद्रात गेलो. पहिल्याच दिवशी प्ले थेरपीचं पॅकेज हातात, पैसे आगाऊ. दार बंद करून ती आत, आम्ही बाहेर बाकावर. काय चाललंय विचारलं की "प्रोसेसवर विश्वास ठेवा". शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी कान तपासायला लावले. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं, तिला नीट ऐकूच येत नव्हतं. बोलायला शिकण्याच्या वयातले ते महिने मला कोण परत देणार?

भारतात प्ले थेरपिस्ट म्हणून पाटी लावायला काय लागतं, ते सांगा. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात, वाचा-श्रवण तज्ज्ञ असतात. प्ले थेरपिस्टची नोंद कुठे शोधायची?

सायली_नाशिक

तुमच्या बाबतीत घडलं ते चूकच. बोलणं उशिरा आलं की आधी श्रवणचाचणी, मग बाकी सगळं. आणि सत्रातला शब्दन् शब्द पालकांना सांगत नाहीत हे खरं असलं तरी उद्दिष्ट काय, कितपत फरक पडलाय, हे ठरावीक काळाने सांगायलाच हवं. जे सांगत नाहीत त्यांच्याकडे मूल नेऊ नका. पण चुकीच्या आजारावर दिलं म्हणून औषधच खोटं, हे मला मान्य नाही.

आकडेमोड

औषध म्हणताय तर औषधाचेच निकष लावू. २००५ साली ९३ नियंत्रित अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण आलं. परिणामाचा आकार (थेरपी मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत किती फरक पडला याचं माप) ०.८०, म्हणजे मोठा. केंद्रांच्या माहितीपत्रकांत हाच आकडा झळकतो. पण त्यातले कितीतरी अभ्यास छोटे, जुने, अप्रकाशित प्रबंधांतले. २०१५ साली बालकेंद्री, म्हणजे वाट मुलाने दाखवायची त्या पद्धतीच्याच ५२ अभ्यासांचं विश्लेषण झालं, तिथे आकडा ०.४७ वर आला. शून्य नाही, मध्यम आहे. आणि अशा अभ्यासांत तुलना बरेचदा काहीच उपचार न मिळालेल्या, प्रतीक्षायादीतल्या मुलांशी असते. एखादा प्रेमळ मामा आठवड्याला तासभर नीट खेळला असता तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), हट्टीपणा, परीक्षेची भीती, सगळ्यांवर हीच थेरपी विकली जाते तेव्हा मला तरी भीती वाटते.

बालवाडीताई

पालघरकडे आयुष्यभर बालवाडी चालवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला उभं केलेलं काम जवळून पाहिलंय. मूल अंगणवाडीत येत नसेल तर अंगणवाडी मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवायची, ही त्यांची रीत. शंख-शिंपले, बिया, पानं हीच खेळणी.

मला सायलीचंही पटतं आणि वाटसरूंचंही. पण दोघंही बंद खोलीबद्दलच बोलताय. आज बालवाडीतल्या चार वर्षांच्या पोराला गृहपाठ असतो. सोसायटीत पाटी असते, "येथे खेळण्यास मनाई आहे". आधी खेळ काढून घ्यायचा आणि मग तो तासाच्या हिशेबाने विकत द्यायचा, याचा मला संताप येतो. ज्या मुलावर खरंच आघात झालाय त्याला तज्ज्ञ मिळावा. बाकीच्यांना दुपार मोकळी द्या.

सायली_नाशिक

ताई, दुपार मोकळी हवीच, त्यात वाद नाही. शाळेत मी त्यासाठीही भांडते.

@आकडेमोड, प्रेमळ मामाचं उत्तर काही अंशी त्या २००५ च्याच विश्लेषणात आहे. पालकांना शिकवून त्यांच्याकडून ही थेरपी करून घेतली, तिथे परिणाम तज्ज्ञांपेक्षाही जास्त दिसला. बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत काढली. पुढे तिचा दहा सत्रांचा अभ्यासक्रम झाला: पालक गटात शिकतात आणि घरी आठवड्यातून एकदा अर्धा तास एका मुलाबरोबर खेळतात. फोन नाही, प्रश्न नाहीत, "शाब्बास" नाही, "हा रंग कुठला?" तर नाहीच. मूल करतं ते बघायचं आणि दिसतं ते बोलायचं. मी कुणाला केंद्रात पाठवण्याआधी बहुतेकदा हेच सुचवते.

आकडेमोड

त्याच विश्लेषणातला आकडा, म्हणून त्यालाही माझे तेच आक्षेप लागू. पण हे स्वस्त आहे, आणि पालक दाराबाहेर बसत नाहीत, एवढं मान्य.

वाटसरू

"शाब्बास" का नाही? हे खरंच विचारतोय.

सायली_नाशिक

कारण मग ते तुमच्या शाब्बासकीसाठी खेळायला लागतं. मनोरा पडला तर "अरेरे" म्हणू नका, उभा राहिला तर टाळ्या नकोत. "तू सगळ्यात वरचा ठोकळा हळूच ठेवलास" म्हणा. पहिल्यांदा फार अवघड जातं, विशेषतः बाबांना. मुलगी आता किती वर्षांची आहे?

वाटसरू

पाच. बोलते आता भरपूर. रविवारी करून बघतो, पण त्या केंद्राबद्दलचं माझं मत बदलणार नाही.