प्रतिसाद: 'दऱ्या' शोधल्यावर निम्म्याच ओळी का सापडतात?

ही चूक पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नाही, ग्रेपची (फायलीत शब्द शोधणारी आज्ञा) तर नाहीच. पडद्यावर सारखा दिसणारा 'दऱ्या' फायलीत तीन प्रकारे साठवलेला असू शकतो (कंसात अक्षरांचे यूनिकोड क्रमांक, हेक्समध्ये): थेट ऱ (यू+०९३१), र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब (०९३० ०९३सी), किंवा र, हलन्त (०९४डी) आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह (२००डी). पहिल्या प्रकारात शब्दाची लांबी ५ चिन्हं भरते, बाकी दोन्हींत ६. जुळणार कसे?

आधी पायथनच्या यूनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ 'एनएफसी' (सुटी चिन्हं जोडून एकच अक्षर करणारं रूप) देऊन चालवा. त्याने नुक्तावाला प्रकार ऱ मध्ये येतो. झेडडब्ल्यूजेला मात्र एनएफसी हात लावत नाही, म्हणून पुढच्याच ओळीत रिप्लेस लिहून '०९३० ०९४डी २००डी' च्या जागी '०९३१ ०९४डी' घाला. शोधायच्या शब्दावरही हेच दोन्ही संस्कार करा, हे हमखास विसरतं.

वरच्या एका प्रतिसादात सुचवलंय तसं सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, कृपा करून. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातून थेट समुद्रात. आणि मूळ फाइल तशीच राहू द्या, बदल प्रतीवर करा.

विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' स्पष्ट लिहा. सीएसव्ही एक्सेलमध्ये जाणार असेल तर लिहिताना 'यूटीएफ-८-सिग' (फायलीच्या सुरुवातीला ओळखीची खूण घालणारं यूटीएफ-८).