मदत हवी आहे: छातीत नळी असलेल्या मुलीला आंबा घाटातून नेताना

रत्नागिरी जिल्हा, ग्रामीण रुग्णालय. मुलगी ५ वर्षं, वजन १५ किलो, न्यूमोनियानंतर उजवीकडे छातीत पू. काल आयसीडी (पू बाहेर काढणारी छातीतली नळी) टाकली, अर्ध्या तासात ४०० मिली आलं. लगेच खोकल्याची उबळ, ऑक्सिजन ९७ वरून ८९. आता ऑक्सिजनवर ९५ आहे. खोकताना नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात. उद्या कोल्हापूरला हलवायचं आहे. ८९ का झालं? आणि प्रवासात नळी क्लॅम्प करावी (चिमटा लावून बंद करावी) का?

प्रतिसाद १
दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं की त्यात पाणी झिरपतं, री-एक्स्पान्शन पल्मनरी एडिमा. म्हणूनच मुलांत सुरुवातीला किलोमागे १० मिली, म्हणजे हिला १५० मिली काढून तासभर क्लॅम्प करतात. पण एक्स-रे न पाहता हेच निदान धरू नका. नळी सरकली किंवा हवा साठली तरी ऑक्सिजन असाच पडतो. एडिमाच असेल तर ऑक्सिजन, लागल्यास सीपॅप (मास्कमधून सतत दाबाने हवा). लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) जपून, सेप्सिसमधल्या (अंगभर भिनलेल्या संसर्गातल्या) मुलाच्या अंगात पाणी आधीच कमी असतं. नळीला सक्शन (यंत्राने ओढ) तूर्त नको.

प्रतिसाद २
बुडबुडे येणारी नळी क्लॅम्प करायची नाही. हवा आत कोंडली की टेन्शन न्यूमोथोरॅक्स (त्या हवेने फुफ्फुस आणि हृदय दाबलं जाणं), आणि घाट चढताना कोंडलेली हवा आणखी फुगते. १०८ वाल्यांनाही हे स्पष्ट सांगा, नाहीतर 'सांडू नये म्हणून' कुणीतरी चिमटा लावतंच.

बाटली बादलीत उभी, भोवती टॉवेल कोंबून, कायम छातीच्या खाली. आतल्या नळीचं टोक पाण्यात २ सेंमी. स्ट्रेचर उचलताना बाटली पोटावर ठेवायची सवय असते. तेवढ्यात पाणी उलटं छातीत जातं. जोड सुटला तर टोक सलाईनच्या बाटलीत बुडवा, तीही सोबत हवी. नळीच निसटली तर भोकावर गॉझ, तीन बाजूंनी चिकटपट्टी.

घाटाखाली साखरप्याला थांबून पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय का बघा. थांबलं असेल तर बहुधा नळी पाठीखाली दुमडलेली असते.

मूळ प्रश्नकर्ता
एक्स-रेत नळी जागेवर आहे, हवा साठलेली नाही, उजवीकडे धूसर. आता बुडबुडे न खोकताही येताहेत.

प्रतिसाद २
छातीजवळ नळी क्षणभर चिमटीत धरा. तरीही बुडबुडे आले तर गळती जोडात आहे, घट्ट करून टेप लावा. थांबले तर फुफ्फुसातून, किंवा नळीचं बाजूचं भोक कातडीबाहेर आलंय. ड्रेसिंग उघडून बघा. कातडीखाली हवेची कुरकुर हाताला लागली तर तिची कड पेनाने आखा, म्हणजे कोल्हापुरात ती वाढली का ते कळेल.

प्रतिसाद १
गळती फुफ्फुसातली निघाली तर युरोकायनेज (घट्ट पू सुटा करायला नळीतून देतात ते औषध) इथे सुरू करू नका, तो निर्णय सर्जनवर सोडा. चिठ्ठीत ४०० मिली किती वेळात आलं तेही लिहा.